कोकणकड्यावरचा कर्नल

गेल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितले, की वार्षिकांकासाठी ज्यांना लिहायचे असेल त्यांनी एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र आपल्या शब्दांत लिहून आणावे. पुस्तकातले उतारे मात्र उतरवून काढू नयेत. कुणी सावित्रीबाई फुले घेतल्या, कुणी अहिल्यादेवी. बारामतीच्या एका मैत्रिणीने आपल्याच गावात आयुष्याचा मोठा काळ घालवलेले कविवर्य मोरोपंत घेतले. मी कर्नल साईक्स हे नाव सांगितले, तेव्हा मागच्या बाकांवरून हसू आले. पेशव्यांविरुद्ध लढलेला एक गोरा लष्करी अधिकारी, त्याचे चरित्र आपण कशाला लिहायचे? प्रश्न काही खोटा नव्हता. तरीही मी त्याच्यावरच का लिहिते आहे हे सांगायचे, तर आधी एका चित्राविषयी आणि आमच्या आत्याविषयी सांगावे लागेल.

मी इंदापूर तालुक्यातली. आमचे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. आज्जी सांगते, पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ जसे वर येते, तशी आमच्या जुन्या घरांची जोतीही उघडी पडतात. त्याच पाण्यात माझे वडील, म्हणजे आमचे दादा, जाळे टाकतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. रोज एस. टी. ने बारामतीला यायचे आणि परतीच्या गाडीला वेळ असला की ग्रंथालयात बसायचे, हा माझा नेम. इंग्रजी पुस्तके वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी आधी त्यांतली चित्रे पाहते. युरोपच्या इतिहासाच्या एका जाड पुस्तकात असेच एक चित्र सापडले. पूर्वी लाकडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटे कोरीत आणि त्यावर शाई लावून कागदावर छाप उमटवीत. तशा कोरीव चित्राचीच ती नक्कल होती. मध्ये एक डोंगर, त्याच्याभोवती फेर धरून वर चढत जाणारी माणसे आणि बाया, खाली एक बोकड, आणि आकाशातून उडत येणाऱ्या आणखी काही आकृती.

ते जर्मनीतल्या ब्रोकन डोंगराचे चित्र होते. प्रिटोरियस नावाच्या लेखकाच्या १६६८ सालच्या पुस्तकासाठी ते कोरले गेले होते. ब्रोकन म्हणजे हार्झ पर्वतातले सर्वांत उंच शिखर, उंची १,१४१ मीटर. आपल्या हरिश्चंद्रगडापेक्षाही तो ठेंगणाच. परंतु दरवर्षी ३० एप्रिलच्या रात्री साऱ्या चेटकिणी झाडूवर बसून त्या माथ्यावर जमतात, अशी तिकडे समजूत होती. पुढे गटे या महाकवीने आपल्या फाउस्ट नाटकातही ती रात्र घेतली. चित्र पाहायला गमतीचे वाटते. पण त्याखालचा मजकूर मी शब्दकोश घेऊन वाचला तेव्हा गंमत राहिली नाही. युरोपात त्या शतकांमध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसांना ठार मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कुणाचे मूल दगावले, कुणाची गाय आटली, कुणाच्या शेतावर गारा पडल्या, की गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट वळे. आणि अशी बोटे दाखवणाऱ्यांच्या मनात डोंगराचे चित्र हेच असे.

ते वाचताना मला आमची आत्या आठवली.

आत्या ही दादांची थोरली बहीण. तिची दोन मुले लागोपाठ तान्हेपणीच गेली. मग नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली. मी सात-आठ वर्षांची असताना वाडीत तापाची साथ आली. तीन पोरे अंथरुणाला खिळली. कुणीतरी एका देवऋष्याकडे गेले. त्याने दाणे मोजले, अंगारा दिला आणि दोष वाडीतच आहे, परत आलेल्या बाईचा आहे, असे सांगितले. झाले! त्या दिवसापासून आत्या चेटकीण ठरली. तिला कुणी मारले नाही, घराबाहेर काढले नाही. पण हळदीकुंकवाला बोलावणे बंद झाले, बारशाला तिने पाळण्याजवळ जायचे नाही असे ठरले, नळावर तिची घागर लागली की बाकीच्या बाया आपापल्या घागरी मागे ओढू लागल्या. अशा रीतीने कुणाला चेटकीण ठरवून छळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा तेव्हा नुकताच झाला होता. आमच्या वाडीपर्यंत मात्र तो पोचला नव्हता.

वाचकहो, येथे एक गोष्ट लपवणे मला बरे वाटत नाही. नळावर आत्याला चेटकीण म्हणून ओरडून पळणाऱ्या पोरांमध्ये मीही होते. एकदा तिने मला आपल्या हाताने झाडाचा पेरू काढून दिला होता. आज्जीने डोळे वटारले, आणि मी तो उकिरड्यावर टाकला. आत्या दारातून पाहत होती. ती काही बोलली नाही.

असो. ब्रोकनविषयी आणखी वाचताना कळले, की त्या डोंगरावर खरोखरच एक भूत दिसते! सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य पाठीशी आणि समोर खाली धुके असले, की धुक्यात एक राक्षसी आकृती उभी राहते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडे असते. झिल्बरश्लाग नावाच्या एका जर्मन अभ्यासकाने १७८० मध्ये त्याचे वर्णन केले आणि तेव्हापासून त्याला ब्रोकनचे भूत असेच नाव पडले. मी हे सरांना सांगितले. सर म्हणाले, की अगं, एवढ्या लांब कशाला जातेस, हे आपल्या सह्याद्रीतही दिसते. त्याला आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात, आणि हरिश्चंद्रगडावर ते पाहून लिहून ठेवणारा माणूस पुण्याच्या इतिहासातलाच आहे. तो माणूस म्हणजे विल्यम हेन्री साईक्स.

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, यॉर्कशायरकडच्या घराण्यातला. मिसरूड फुटण्याआधीच, चौदा-पंधरा वर्षांच्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात शिरला. आज त्या वयाची मुले नववीत असतात. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा हा पोरगेला अधिकारी तेथे होता. पुढे तो दख्खनेत आला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि काही दिवसांतच पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्या लढायांत साईक्स एका पलटणीचे नेतृत्व करीत होता. म्हणजे माझ्या मैत्रिणी ज्यासाठी हसल्या ते खरेच आहे. आपले राज्य घेणाऱ्यांपैकीच तो एक होता आणि हे विसरून त्याचे चरित्र लिहिता येणार नाही.

परंतु लढाई संपल्यावर या माणसाने जे केले ते बाकीच्यांनी केले नाही. वेरूळची लेणी पाहून त्याने त्यांच्यावर निबंध लिहिला. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांच्या नकला उतरवल्या. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे होते. गावात किती घरे, किती माणसे, किती नांगर, कोणती माती, कोणते पीक, किती पाऊस, हे सारे त्याने टिपायला सुरुवात केली. ही माहिती कंपनीला कशासाठी हवी होती, हे उघड आहे. माहिती असेल तर सारा बसवता येतो. आमच्या इंदापूर तालुक्याला तर याचा चांगलाच अनुभव आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने काढलेल्या हिशेबांवरून येथे जो सारा बसवला गेला, तो शेतकऱ्यांना झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या, माणसे परागंदा झाली. अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी करून १८३६ मध्ये इंदापुरातच नवी जमाबंदी लागू केली आणि पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. कागदावरचा आकडा चुकला तर माणसाचे घर कसे मोडते, हे आमच्या तालुक्याने तेव्हाच पाहिले आहे.

साईक्सचे वैशिष्ट्य असे, की सरकारला न लागणाऱ्या गोष्टीही तो तितक्याच मन लावून टिपत होता. हवेचा दाब मोजण्याचे यंत्र घेऊन तो दिवसाच्या ठरावीक तासांना पारा वाचत असे. समुद्राला जशी भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते, दिवसातून दोनदा हवेचा भार चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्याने दख्खनच्या पठारावर वर्षानुवर्षे नोंदवले. त्याने पक्षी गोळा केले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी लंडनला छापली. आमच्या शेताच्या बांधावर टिवटिव करणारा राखी वटवट्या आणि उजनीच्या काठावर चिखलात गुमान उभा राहणारा वंचक बगळा या दोघांची शास्त्रीय नोंद प्रथम त्यानेच केली. बारामती-इंदापूरच्या माळरानावर दिसणाऱ्या एका चंडोलाला तर आजही साईक्सचाच चंडोल म्हणतात.

मला सर्वांत आनंद झाला तो त्याच्या माशांच्या यादीने. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर लिहिले. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे मासे त्यात आहेत. पुष्कळ माशांना त्याने लॅटिन नावापुढे जोड दिली ती सरळ आपल्या मराठी नावांची! खुद्री, कोळस, शिंगटी! जगातल्या कुठल्याही देशात आज कुणी माशांचा अभ्यासक महसीराच्या त्या जातीचे शास्त्रीय नाव घेतो तेव्हा तो खुद्री हा शब्द उच्चारतो, हे मला ठाऊक नव्हते. ही नावे साईक्सला कुणी सांगितली असतील? नदीवर जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांशिवाय दुसरे कोण सांगणार! मी घरी येऊन दादांना यादी वाचून दाखवली. दादा जाळे सांधत होते. त्यांनी हात थांबवला आणि एकेका नावाला मान डोलावली. शिंगटी अजून लागते, म्हणाले. पण आता जाळे उचलले की बहुतेक चिलापीच असते.

आता कोकणकड्याची गोष्ट. हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. त्याच्या कोकणाकडच्या बाजूला जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसते. त्या कड्याच्या काठावर एकदा साईक्स उभा होता. बरोबर त्याचा घोडा होता आणि नोकरमाणसे होती. कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या माथ्याच्या थोडे वर चढले होते, पण पठारावर येत नव्हते. भिंतीसारखे समोर उभे होते. सूर्य पाठीमागे, क्षितिजाजवळ, स्वच्छ होता. आणि त्या धुक्यात इंद्रधनुष्य उमटले. नेहमीसारखे अर्धे नव्हे, तर पुरते गोल. अर्धे त्यांच्या पायांच्या वर, अर्धे खाली. त्याचा व्यास त्याला पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त वाटला नाही. त्या गोलाच्या मधोमध घोडा आणि माणसे यांच्या काळ्या आकृती उभ्या होत्या, जणू चौकटीत बसवलेले चित्र.

त्याच काळात ग्रिंडले नावाचा कंपनीचाच एक अधिकारी पश्चिम हिंदुस्थानचे देखावे कोरून घेऊन, त्यांत रंग भरून, लंडनला १८२६ ते १८३० या वर्षांत प्रसिद्ध करीत होता. साईक्सने त्या कड्यावरचे चित्र शब्दांतच ठेवले आणि हवामानावरील आपल्या मोठ्या निबंधात घातले. तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी साईक्सने १८३५ मध्ये इंद्रवज्र पाहिले असे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. १८३१ मध्येच तो हिंदुस्थान सोडून गेला होता. पाहिले आधी, छापले १८३५ मध्ये.

पण मला त्या उताऱ्यात जे सर्वांत महत्त्वाचे वाटले, ते इंद्रवज्र नव्हे. साईक्स सांगतो, की बरोबरच्या माणसांना त्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. ती घाबरली. काहीतरी दैवी किंवा भुताटकीचे आहे असे त्यांना वाटले. मग त्यांनी काय करावे? ती पळाली नाहीत, नारळ फोडायला गेली नाहीत, कुणाचे नाव घेतले नाही. त्यांनी हात हलवले. पाय झाडले. अंग वाकडेतिकडे करून पाहिले. धुक्यातल्या आकृतींनीही तसेच केले. असे थोडा वेळ चालले आणि मग त्यांची भीती गेली.

मी हा भाग तीन वेळा वाचला. शास्त्र सांगते, की धुक्याचे बारीक थेंब प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात, त्यामुळे ते कडे दिसते. आणि प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. ब्रोकनवर हेच दिसे. तेथे त्याला भूत हे नाव कायमचे चिकटले. आपल्या कड्यावर मात्र लिहिणे-वाचणे कदाचित ठाऊक नसलेल्या माणसांनी पाच-दहा मिनिटांत हातपाय हलवून भुताची सावली करून टाकली. आमच्या वाडीत मात्र आत्यासमोर कुणी हात हलवून पाहिला नाही. ज्या तीन पोरांना ताप आला त्यांपैकी दोघे तिच्या हातचे कधी जेवलेही नव्हते. एवढे साधे सुद्धा कुणी मोजले नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयाची सहल हरिश्चंद्रगडावर गेली. घरून परवानगी मिळवायला मला आठ दिवस लागले. शेवटी आत्यानेच दादांना समजावले आणि पहाटे उठून मला भाकरी व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. खिरेश्वरच्या वाटेने आम्ही चढलो, हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात थांबलो आणि कड्यावर गेलो. पोटावर झोपून खाली पाहिले. इंद्रवज्र काही दिसले नाही. सूर्य ढगात होता आणि खाली नुसते पांढरे होते. तरीही मी बसल्या जागी हात वर करून हलवला. मैत्रिणी हसल्या. या वेळी मलाही हसू आले. भाकरी आम्ही तेथेच खाल्ली.

साईक्सच्या पुढच्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगते. १८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला, आणि त्याच वर्षी लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत होता. पुढे तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये तो कंपनीच्या संचालक मंडळात गेला आणि १८५६ मध्ये त्याचा अध्यक्ष बनला. १८५७ पासून मरेपर्यंत तो ॲबर्डीनचा खासदार होता. १६ जून १८७२ रोजी तो वारला. एवढी पदे मिळाली, पण आज महाराष्ट्रात त्याचे नाव राहिले आहे ते एका कड्यामुळे, काही पाखरांमुळे आणि माशांमुळे.

हा लेख लिहीत असतानाच आमच्या चुलतभावाच्या मुलाचे बारसे झाले. मी बाळाला उचलले आणि नेऊन आत्याच्या मांडीवर ठेवले. आत्याचे हात थरथरत होते. दोन बाया उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. चार दिवसांनी बाळाला सर्दी झाली. आज्जीने आत्याकडे पाहिले, पण तोंडातून शब्द काढला नाही, आणि दादा बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. औषधाने सर्दी बरी झाली. एवढ्याने वाडी बदलली असे मी म्हणणार नाही. नळावर अजूनही एखादी घागर मागे सरते.

लेख पुरा झाल्यावर मी तो आत्याला वाचून दाखवला. पेरूची गोष्टही वाचली. तेथे माझा आवाज अडला, पण तिने फक्त पुढे वाच अशी खूण केली. सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, की कड्यावर हात हलवणाऱ्या त्या माणसांची नावे काय होती. मी सांगितले, की त्या ठिकाणी साहेबाने ती लिहिलेली नाहीत. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की माशांची नावे विचारून लिहिली, मग माणसांची का नाही विचारली?

यावर मला काही सुचले नाही. म्हणून कर्नल साईक्सविषयी मनात जो आदर आहे तो तसाच ठेवून, त्यातला निम्मा मी त्याच्याबरोबर कड्यावर उभ्या राहिलेल्या त्या बिननावाच्या माणसांना देते, आणि लेखणी खाली ठेवते.

— द्वितीय वर्ष, कला